उन्हाने आलेले खरखरीत चट्टे: दवाखान्यात गोठवायचे की घरी मलम लावायचं?

ॲक्टिनिक केराटोसिसचा, म्हणजे उन्हाने आलेला खरखरीत चट्टा डोळ्यांआधी बोटाला कळतो, सँडपेपरसारखा. फोटोत हा खरखरीतपणा उतरत नाही. डॉक्टरांच्या व्हिडिओ सल्ल्याआधी दोन फोटो पाठवा: एक हातभर अंतरावरून, दुसरा जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. उजेड खिडकीचा, फ्लॅश बंद. खरखर फोटोत दिसत नाही, म्हणून हाताला ती कुठे लागते तेही लिहा.

चट्टे एक-दोनच असतील तर गोठवणं बरं. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनचा फवारा ५ ते १० सेकंद, बहुतेकदा एकाच भेटीत काम. नंतर फोड येतो. सावळ्या त्वचेवर पांढरा डाग कायमचा राहू शकतो.

कपाळभर किंवा टकलावर पसरलेले असतील तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं ५ टक्के फ्लुरोयुरॅसिल मलम सरस, कारण अजून न दिसणाऱ्या चट्ट्यांवरही त्याने उपचार होतो. पातळ थर, दिवसातून दोनदा, २ ते ४ आठवडे. लावल्यावर हात धुवायचे. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्वचा लालभडक होते, सोलवटते, खपल्या धरते. मलम काम करतंय त्याचीच ही खूण, आणि नेमकं तेव्हाच घाबरून ते सोडलं जातं. तेव्हा नवा फोटो पाठवून विचारा. गरोदरपणात हे मलम नकोच.

चट्टा जाड, दुखरा, भराभर वाढणारा किंवा रक्त येणारा असेल तर आधी प्रत्यक्ष तपासणी, गरज पडल्यास बायोप्सी (त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणं).