केनेडी की रेगन? राष्ट्राध्यक्षांचं एकच संग्रहालय पाहायचं असेल तर

मुलांकडे अमेरिकेला जाताय, बेतात बॉस्टनही आहे आणि लॉस एंजेलिसही, पण असल्या संग्रहालयासाठी दिवस एकच निघतोय, तर माझं मत केनेडींना. सोबत विमानवेडी नातवंडं असतील, तरच रेगन.

रेगन लायब्ररी (अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या अशा संग्रहालयांना लायब्ररीच म्हणतात) १९९१ साली उघडली. ती लॉस एंजेलिसच्या वायव्येला, सिमी व्हॅलीतल्या टेकडीवर आहे. गाडी हवीच, तिकीटही बॉस्टनपेक्षा महाग. पण काचेच्या भल्यामोठ्या दालनात खरंखुरं एअर फोर्स वन उभं आहे! निक्सनपासून धाकट्या बुशपर्यंत सात राष्ट्राध्यक्षांनी वापरलेलं हे बोइंग ७०७ आत शिरून पाहता येतं. वाट अरुंद आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी बेतानं चालावं. बाहेर बर्लिनच्या भिंतीचा एक तुकडा आहे आणि रेगन पती-पत्नींचं दफनही इथंच झालंय. अर्धा दिवस सहज जातो.

केनेडींच्या बॉस्टनमधल्या लायब्ररीची इमारत १९७९ सालची, वास्तुकार आय. एम. पेई, अगदी समुद्रकाठी. मेट्रोच्या रेड लाइननं जेएफके-यूमास स्टेशनला उतरलं की पुढं बस मिळते. इथल्या वस्तू लहान आहेत, पण पाय तिथंच थबकतात. एक नारळाची करवंटी बघा. दुसऱ्या महायुद्धात केनेडी नौदलात होते; १९४३ साली सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेनं त्यांची पीटी-१०९ बोट कापली. वाचलेल्या सोबत्यांसाठी त्यांनी मदतीचा निरोप करवंटीवर कोरला आणि तिथल्या बेटवासीयांच्या हाती धाडला. पुढं राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ती करवंटी त्यांच्या टेबलावर असायची.

केनेडींच्या हत्येचा भाग तर मला फार मोलाचा वाटतो. एक छोटी अंधारी वाट आणि पडद्यांवर त्या दिवसाच्या टीव्ही बातम्या, एवढंच. कटाच्या चर्चा नाहीत, थरार नाही. तिथून थेट उंच काचेच्या दालनात येतो आपण, वर प्रचंड अमेरिकी झेंडा आणि समोर समुद्र. दुःख इतक्या संयमानं मांडलेलं मी फार कमी संग्रहालयांत पाहिलंय.

दोन्ही वास्तू देणग्यांतून उभ्या राहून मग सरकारी अभिलेखागाराकडे गेल्या, त्यामुळे सूर कौतुकाचाच असतो. थोडं वाचून जा, म्हणजे काय थोडक्यात उरकलंय ते कळेल.

थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि १ जानेवारीला दोन्ही बंद असतात. डिसेंबरात जाणार असाल तर तारीख आधी जुळवा.