मामा, ही गाडी जाते कुठे? मॉडेल रेल्वेचा डिजिटल स्टार्टर सेट, दहा महिन्यांनंतर

खोक्यात निघालं ते असं: तीन आसांचं छोटं डिझेल शंटिंग इंजिन (यार्डात डबे इकडून तिकडे हलवणारं), चार मालडबे, लंबगोल होईल इतके रूळ, एक सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा) आणि हातात मावेल एवढा डिजिटल कंट्रोलर. स्केल एचओ, म्हणजे 1:87, खऱ्या गाडीच्या 87 पट लहान. दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. पहिल्याच संध्याकाळी गाडी फिरायला लागली आणि मी लहान मुलासारखा जमिनीवर पालथा पडून ती बघत बसलो.

तिसऱ्या आठवड्यात भाचीने विचारलं, "मामा, ही गाडी जाते कुठे?"

"फिरते."

"ते दिसतंय. पण जाते कुठे?"

त्याचं उत्तर सापडायला सहा महिने गेले. ते पुढे येईलच. आधी इंजिनाबद्दल लिहितो, कारण पैसे वसूल झाले ते त्याच्यात. डीसीसी, म्हणजे गाड्या डिजिटल हुकुमांवर चालवण्याच्या पद्धतीत रुळांत सतत पूर्ण व्होल्टेज असतं. वेग कमी-जास्त होतो तो इंजिनाच्या पोटातल्या डिकोडरमुळे, म्हणजे हुकूम समजून मोटर चालवणाऱ्या छोट्या सर्किटमुळे. प्रत्येक डिकोडरला नंबर असतो आणि तो आपल्या नंबरचा हुकूम तेवढा ऐकतो. कारखान्यातून आलेल्या डिकोडरचा नंबर सहसा 3 असतो. ही गोष्ट मला कळली कशी? दुसरं इंजिन आणलं, रुळावर ठेवलं, पहिल्याची कळ फिरवली आणि दोघंही एकाच वेळी समोरासमोर निघाली. दोघांचाही नंबर 3. बफर वाचले, माझी अब्रू नाही.

सीव्ही नावाचे डिकोडरचे आकडे बदलण्याला मी सुरुवातीला घाबरत होतो. घाबरण्यासारखं काही नाही. सीव्ही 1 नंबरासाठी, 2 सुरुवातीच्या व्होल्टेजसाठी, 3 आणि 4 वेग किती हळू वाढावा आणि किती हळू उतरावा यासाठी. हे चार नीट बसवल्यावर तेच इंजिन रांगायला लागलं. 1:87 मध्ये ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 32 सेंटिमीटर. शंटिंगचा ताशी 10 किलोमीटर वेग म्हणजे जेमतेम 3. पट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन मोजलं तेव्हा कळलं, की पहिले दोन महिने मी मालगाडी विमानासारखी पळवत होतो.

रुळांबद्दल मात्र तक्रार आहे. सेटसोबत वीज द्यायला एकच तारेचा जोड मिळतो आणि बाकी सगळा भरवसा रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या चिमुकल्या पट्ट्यांवर. नव्या असताना त्या घट्ट बसतात. चार वेळा जोडा-काढा झाली की सैल पडतात, मग लंबगोलाच्या पलीकडच्या टोकाला इंजिन आचके देत थांबतं. मी आधी रूळ घासले, मग चाकं घासली, मग इंजिनाला शिव्या घातल्या. शेवटी प्लायवूडखालून दोन जाड तारा फिरवल्या आणि साधारण मीटरभर अंतराने रुळांना बारीक तारा सोल्डर केल्या. आचके त्याच दिवशी बंद. एका ठिकाणी लाल-काळी उलटी जोडली होती, कंट्रोलरने लगेच शॉर्ट दाखवून वीज तोडली. तेवढी अक्कल त्याला आहे, हे त्याचं कौतुक. रूळ निकेल सिल्व्हरचे आहेत (नावात चांदी असली तरी त्यात तांबं, निकेल आणि जस्तच असतं). ते पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं पुरतं. सॅंडपेपर लावू नका. ओरखड्यांत मळ आणखी साचतो.

सांध्याचा फ्रॉग, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात ती जागा, प्लास्टिकची आहे, तिथे वीज मिळत नाही. मोठी इंजिनं तिच्यावरून बेफिकीर जातात. छोटं शंटिंग इंजिन हळू चालवलं की नेमकं तिथेच मरतं. म्हणजे सेटमधलं इंजिन सेटमधल्याच सांध्यावर अडतं! पुढचे सांधे मी धातूच्या, वीज खेळणाऱ्या फ्रॉगचे घेतले.

डबे दिसायला सुंदर, वजनाला फुलपाखरं. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची एचओसाठी शिफारस आहे: मुळात एक औंस, वर डब्याच्या लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. माझ्या डब्याला त्या हिशेबाने नव्वदेक ग्रॅम हवेत. काट्यावर भरले 52. मागे ढकलताना ते वळणावर घसरणारच. आत लोखंडी नट चिकटवले, घसरणं जवळजवळ थांबलं.

आता खडी. हा भाग मला सर्वात आवडला आणि त्यातच सर्वात मोठा घोळ घातला. स्लीपरमध्ये, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांमध्ये, बारीक खडी भुरभुरायची, मऊ ब्रशने सारखी करायची, वर अल्कोहोलचा फवारा, मग निम्मं पाणी मिसळलेला पांढरा गोंद थेंबाथेंबाने सोडायचा. थेंब खडीत शिरतो, ओल पुढे सरकत जाते, ते बघण्यात तंद्री लागते. त्याच तंद्रीत सांध्याच्या हलत्या पात्यांखाली गोंद गेला. सकाळी सांधा दगड झालेला. अल्कोहोलने गोंद मऊ करून सुईने एकेक कण उकरण्यात अख्खा रविवार गेला. पात्यांच्या आसपास आता मी खडी जवळपास घालतच नाही. तिथे स्लीपरना राखाडी रंग दिला आहे, हातभरावरून फरक कळत नाही. आणखी एक: खडी वापरण्याआधी तिच्यावरून चुंबक फिरवा. लोहकण असले तर ते मोटरमध्ये जाऊन बसतात.

डब्यांना गंज आणि धूळ दाखवण्याचं काम अजून कच्चं आहे. चार डब्यांपैकी दोन जुने वाटतात, दोन नुसतेच घाण.

लंबगोल सातव्या महिन्यात मोडला. त्याच्या जागी 180 बाय 30 सेंटिमीटरची एक फळी आहे आणि तिच्यावर अ‍ॅलन राइट या ब्रिटिश मॉडेलकाराचं इंगलनुक नावाचं शंटिंगचं कोडं. दोन सांधे, तीन सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ): एकात पाच डबे मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. इंजिनाच्या बाजूच्या तुकड्यात इंजिन आणि तीनच डबे. एकूण डबे आठ. त्यातले पाच चिठ्ठ्या टाकून निघालेल्या क्रमाने लावायचे. क्रम होऊ शकतात 6720. दिसतं बाळबोध, पण पाचवा डबा हमखास दोन नको असलेल्यांच्या मागे अडकलेला असतो आणि तो काढायला लावलेलं सगळं पुन्हा विस्कटावं लागतं. इथे रांगणारं इंजिन, जड डबे, सोल्डर केलेल्या तारा यांचं चीज होतं. एक आचका आणि हालचालींची मोजणी चुकते.

भाचीला उत्तर मिळालं: गाडी तिसऱ्या सायडिंगमध्ये जाते, निळा डबा आणायला. चिठ्ठ्या तीच काढते. गेल्या खेपेला मला 31 हालचाली लागल्या, तिला 24. सेटचे डबे जोडणारे हूक-आणि-कडी कपलिंग मात्र अजून बांबूच्या काडीने वर उचलून सोडवावे लागतात आणि ती काडी दर वेळी तिच्याकडेच असते.