वरच्या डिस्क १०० जीबीच्या, खालच्या २५ जीबीच्या

घरचे फोटो आणि व्हिडिओ जपून ठेवायला १०० जीबीच्या कोऱ्या ब्लू-रे डिस्क घेणार असाल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. मला ज्या रीतीने गंडवलं ती रीत अगदी साधी आहे, म्हणूनच कुणीही तिला सहज बळी पडेल.

या डिस्कचं आकर्षण खोटं नाही, हे आधी सांगतो. सीडीत ७०० एमबी मावायचे, डीव्हीडीत ४.७ जीबी, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५. ब्लू-रेने एका थरात २५ आणि दोन थरांत ५० जीबी दिले. २०१० साली बीडीएक्सएल या जास्त क्षमतेच्या ब्लू-रेचं मानक ठरलं आणि तीन थरांची १०० जीबीची डिस्क आली. आकार तोच, १२ सेंटीमीटर. वर्षभराचे सगळे व्हिडिओ एका डिस्कवर बसतात. शिवाय एकदाच लिहिता येणारी डिस्क कुणी चुकून पुसू शकत नाही, आणि व्हायरस आला तरी त्यावरचं काही बदलू शकत नाही. हार्ड डिस्कला हे जमत नाही. घरच्या बॅकअपसाठी मला आजही हा उत्तम मार्ग वाटतो, आणि म्हणूनच या फसवणुकीचा राग जास्त आहे.

मी ऑनलाइन खरेदीच्या एका संकेतस्थळावरच्या विक्रेत्याकडून गोल डबा मागवला. मधल्या दांडीत ओवलेल्या पांढऱ्या, वर छापता येईल अशा डिस्क, प्लास्टिकचं सील, वेष्टनावर ‘१०० जीबी, आर्काइव्हल’. सील शाबूत होतं. वरची डिस्क ड्राइव्हमध्ये घातली, पूर्ण भरली, बर्न म्हणजे लिहिणं झाल्यावर पडताळणीही व्यवस्थित झाली. तिच्याखालचीही तशीच निघाली. समाधान वाटलं आणि डबा कपाटात ठेवून दिला. बॅकअप काही रोज घेत नाही कुणी.

पुढे आणखी खालची डिस्क काढली तेव्हा ड्राइव्हने जागा दाखवली २३.३ जीबी. तिच्याखालची, तळाची, कुठलीही घेतली तरी तेच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, नाहीतर खऱ्या डिस्कवरही संशय येईल. १०० जीबीच्या अस्सल डिस्कवर विंडोज साधारण ९३.२ दाखवतं. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक. यात फसवणूक नाही. पण २३.३ दिसले तर ती २५ जीबीची, एका थराची डिस्क आहे. त्याला दुसरा अर्थ नाही.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, “सर, तुमचा ड्राइव्ह जुना असेल, बीडीएक्सएल चालत नसेल.” हे ऐकायला पटतं, कारण जुन्या ब्लू-रे रायटरवर १०० जीबीच्या डिस्क खरंच चालत नाहीत, ड्राइव्हवर बीडीएक्सएलचं चिन्ह असावं लागतं. पण माझ्या ड्राइव्हवर ते आहे, आणि त्याच डब्यातल्या वरच्या डिस्क त्यानेच काठोकाठ भरल्या होत्या. हे लिहिल्यावर त्याने फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायला सांगितलं. ते केलं. काहीच बदललं नाही. मग तिसरं उत्तर: “आधी पहिला थर भरा सर, मग पुढचे थर आपोआप उघडतात.”

हे धादांत खोटं आहे. डिस्कला थर किती आणि एकूण जागा किती, ही माहिती कारखान्यातच तिच्या आतल्या बाजूच्या भागात कोरलेली असते. ड्राइव्ह डिस्क ओळखताना तीच आधी वाचतो. कोऱ्या १०० जीबीच्या डिस्कची सगळी जागा पहिल्या क्षणापासून दिसते. भरत गेल्यावर उघडणारा थर अशी काही चीजच नाही. या उत्तरांमधून त्याला फक्त वेळ काढायचा होता, आणि तो त्याने काढला. परत पाठवायची मुदत संपल्यावर त्याने उत्तर देणंच बंद केलं.

मग मी इम्गबर्न या मोफत प्रोग्रामने एकेक डिस्क तपासली. डिस्क आत असताना तो उजव्या बाजूला उत्पादकाचा सांकेतिक क्रमांक आणि मोकळ्या सेक्टरांची, म्हणजे जागेच्या छोट्या तुकड्यांची, संख्या दाखवतो. वरच्या डिस्कवर ४,८८,७८,५९२ सेक्टर, म्हणजे १०० जीबी. खालच्यांवर १,२२,१९,३९२, म्हणजे २५. उत्पादकाचे संकेतही वेगळे. एकाच डब्यात दोन कारखान्यांचा माल! लिनक्स वापरणाऱ्यांना हेच डीव्हीडी-प्लस-आरडब्ल्यू-मीडियाइन्फो या आज्ञेने दिसतं. ही तपासणी करताना डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही, त्यामुळे ती वाया जात नाही.

जागेपेक्षा मोठी फसवणूक पुढेच होती. ब्लू-रेच्या कोऱ्या डिस्क दोन प्रकारच्या असतात. नेहमीच्या डिस्कमध्ये नोंद होणारा थर अकार्बनी पदार्थाचा असतो. एलटीएच नावाच्या प्रकारात तिथे सेंद्रिय रंगद्रव्य असतं, सीडी-डीव्हीडीत असायचं तसं. उजेड आणि उष्णतेपुढे हे रंगद्रव्य जास्त लवकर खराब होतं. वर्षानुवर्षं ठेवायच्या बॅकअपला एलटीएच घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तळाच्या डिस्क उलट्या करून वरच्यांशेजारी धरल्या तर फरक डोळ्यांना दिसत होता: वरच्या गडद करड्या, खालच्या पिवळसर सोनेरी. त्या एलटीएच होत्या. म्हणजे ‘आर्काइव्हल’ हा शब्दही खोटा.

मला यात पैशांचा फटका बसला. माझ्या मावसभावाचं नुकसान त्याहून वाईट झालं. त्यानेही त्याच विक्रेत्याकडून डबा घेतला होता. खालच्या डिस्कवर जागा कमी दिसली तेव्हा त्याला विक्रेत्याचं थर उघडण्याचं उत्तर खरं वाटलं. त्याने मुलीच्या लग्नाचं चित्रीकरण तुकड्यांमध्ये त्या डिस्कवर उतरवलं, “बर्न पूर्ण” असा संदेश आला, आणि कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या कामासाठी मोकळी केली. आता त्यातल्या काही डिस्क बाहेरच्या कडेजवळ वाचल्याच जात नाहीत. लिहिणं आतून बाहेर होत जातं, त्यामुळे निकृष्ट डिस्कचा दोष बहुधा शेवटच्या भागात दिसतो. पाठवणीच्या वेळचं चित्रण तिथे होतं. तो भाग आम्ही वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिला, थोडा परत मिळाला, बाकीचा गेला.

म्हणून कळकळीने सांगतो, बर्न पूर्ण झाल्याच्या संदेशावर मूळ फाइली पुसू नका. तो संदेश एवढंच सांगतो की ड्राइव्हने लिहिण्याचं काम संपवलं. प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळख-संकेत, काढून डिस्कवरच्या प्रतीशी ताडून पाहा, आणि जमलं तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचून पाहा. डबा आला की त्याच दिवशी वरची, मधली आणि सर्वांत खालची अशा डिस्क काढून त्यांचे संकेत आणि सेक्टर बघा. हे सगळं मोबाइलवर चित्रित करा, सील फोडण्यापासून. माझ्याकडे तसं चित्रण नव्हतं, आणि “खालच्या डिस्क तुम्हीच बदलल्या” हा विक्रेत्याचा दावा त्या संकेतस्थळाच्या तक्रार विभागाने ग्राह्य धरला.

सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. बनवणारे असे कमी होत गेले की जुना शिल्लक माल, सुटा माल आणि पुन्हा बांधलेले डबे यांना वाव मिळतो. त्यामुळे आता जास्त जपून राहा.

तक्रारीनंतर त्या विक्रेत्याने निरोप पाठवला की मी लिहिलेला अभिप्राय काढला तर निम्मे पैसे परत देतो. मी नकार दिला. ते दुकान आता तिथे दिसत नाही, पण तोच फोटो दुसऱ्या नावाच्या दुकानात लागला आहे. ओळखायची खूण अशी: पांढऱ्या डिस्कचा डबा, वेष्टनावर उत्पादकाचं नाव नाही, बीडीएक्सएलचं चिन्ह नाही, फक्त मोठ्या अक्षरांत ‘१०० जीबी, आर्काइव्हल’. असा डबा दिसला तर घेऊ नका, आणि आधीच घेतला असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत तळाची डिस्क तपासा.