हॅरी पॉटर, लॉर्ड ऑफ द रिंग्ज की गेम ऑफ थ्रोन्स: नायक-खलनायकांच्या कसोटीवर

दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या सगळ्यांनी मिळून एखादी अद्भुतरम्य मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहायची ठरवली, की निवड बहुधा या तिघींपैकीच होते. आमच्या कोथरूडच्या घरी नववीतली मुलगी, अकरावीतला भाचा आणि माझी आई असे प्रेक्षक असल्याने हा निर्णय मलाही घ्यावा लागला होता. भव्यता, संगीत आणि लढाया यांत तिन्ही मालिका तोलामोलाच्या आहेत. माझ्या मते खरा फरक पडतो तो नायक आणि खलनायक एकमेकांना किती चिकटलेले आहेत, यात.

गेम ऑफ थ्रोन्स ही दूरचित्रवाणी मालिका तीन पिढ्यांनी एकत्र बसून पाहण्याजोगी नाही, त्यामुळे ती आमच्या घरी आपोआपच बाद झाली. तरीही माणसे रंगवण्यात पहिला मान तिलाच द्यावा लागेल. पहिल्याच भागात एका लहान मुलाला मनोऱ्यावरून खाली ढकलणारा जेमी लॅनिस्टर तिसऱ्या पर्वात, हात तुटलेल्या अवस्थेत स्नानकुंडात बसून, ज्याचे रक्षण करायचे त्याच राजाला आपण का मारले हे सांगतो, आणि तोवर त्याचा तिरस्कार करणारा प्रेक्षक विचारात पडतो. कर्णावर जीव लावून मोठ्या झालेल्या आपल्या वाचकांना अशी माणसे जवळची वाटतात. मात्र ज्या मालिकेने इतक्या सबुरीने माणसे घडवली, तिनेच आठव्या पर्वाच्या अवघ्या सहा भागांत सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या डेनेरिसला गुलामांच्या मुक्तिदात्रीवरून थेट शहर जाळणारी बनवले. हा बदल अशक्य नव्हता, पण त्याला लागणारा वेळ दिला गेला नाही, असे मला वाटते.

हॅरी पॉटरचे बलस्थान मुख्य खलनायक वोल्डेमॉर्टपेक्षा त्याच्या आजूबाजूचे लोक हे आहे. २००७ च्या पाचव्या चित्रपटातली, इमेल्डा स्टॉन्टनने साकारलेली शिक्षिका डोलोरेस अंब्रिज आठवावी: गुलाबी कपडे, भिंतभर मांजरांच्या चित्रांच्या बशा, ओठांवर गोड हसू, आणि हॅरीच्या हाती दिलेली ती लेखणी, जिने कागदावर लिहिलेली अक्षरे त्याच्याच हाताच्या पाठीवर कोरली जातात. वोल्डेमॉर्ट कोणाला प्रत्यक्षात भेटत नाही. नियमाकडे बोट दाखवून छळणारे माणूस मात्र प्रत्येकाने कुठेतरी पाहिलेले असते. माझी मुलगी सबंध मालिकेत सर्वांत जास्त संतापली ती हिच्यावर.

माझे मन या मालिकेवरून उडाले ते शेवटाशी. २०११ च्या अखेरच्या चित्रपटात हॅरी मरण पत्करून एकटा जंगलात जातो, तो प्रसंग निःसंशय थोर आहे. परंतु त्यानंतरचा निकाल लागतो तो जादूच्या छडीच्या मालकीवर: हॅरीचा शाळेतला वैरी असलेल्या ड्रॅकोने मुख्याध्यापक डम्बलडोरची छडी उडवली, पुढे हॅरीने ड्रॅकोच्या हातातून त्याची छडी हिसकावली, म्हणून वोल्डेमॉर्टच्या हाती असलेली ती सर्वशक्तिमान छडी कायद्याने हॅरीची. सातबाऱ्यावर नाव कोणाचे, यावर जमिनीचा दावा निकाली निघावा, तसा जगाच्या तारणाचा प्रश्न सुटतो. आईने विचारले, “मग वोल्डेमॉर्ट मेला कशाने?” रिमोटने चित्रपट थांबवला, आणि दोन्ही मुलांनी दोन वेगवेगळी उत्तरे दिली. ज्या क्षणी नायकाची किंमत कळायला हवी, त्या क्षणी खुलासा ऐकावा लागणे मला फार खटकले, आणि माझ्यापुरती निवड तिथेच झाली.

लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये उणिवा नाहीत असे नाही. दुष्ट सत्ताधीश सौरॉन जवळजवळ सगळा वेळ एक जळता डोळाच राहतो, आणि “हा करतो तरी काय?” ही भाच्याची तक्रार मला खोडता आली नाही. स्त्रियाही मोजक्याच आहेत, जरी राजाची भाची एओविनचा रणांगणावरचा पराक्रम अविस्मरणीय असला तरी. पण इथला खरा खलनायक म्हणजे सौरॉनने घडवलेली, नायक फ्रोडो जी नष्ट करायला निघतो ती अंगठी, आणि ती प्रत्येक भल्या माणसाच्या मनात शिरून बसते. फ्रोडो ती देऊ करतो तेव्हा जादूगार गॅन्डाल्फ घाबरून मागे सरतो; सोबतचा योद्धा बोरोमिर ती हिसकावू पाहतो आणि लगेच पुढे दोन हॉबिटांना, म्हणजे फ्रोडोच्याच बुटक्या जमातीतल्या सोबत्यांना, वाचवताना प्राण देतो. दुसऱ्या चित्रपटात, एकेकाळी अंगठी बाळगलेला आणि तिच्यासाठी वेडा झालेला गोलम स्वतःशीच भांडतो, तेव्हा एकाच चेहऱ्यातली दोन माणसे समोरासमोर बसल्यासारखी दिसतात. अँडी सर्किसचे ते काम पाहताना खलनायकाची कीव यावी, हे विशेष. आणि अखेरीस ज्वालामुखीच्या कड्यावर उभा राहिलेला फ्रोडो अंगठी टाकायला नकार देतो. नायक हरतो, आणि अंगठी नष्ट होते ती गोलमच्या हव्यासामुळे. इथे आईने काही विचारले नाही. “कोणीही असेच केले असते,” एवढेच म्हणाली.

मुले दहा-अकरा वर्षांची असतील, तर शाळा आणि मैत्री यांमुळे पॉटर त्यांना अधिक भावेल, हे मान्य करायला हवे. त्याहून मोठ्यांसाठी मी रिंग्ज सुचवेन, आणि तीही शक्यतो विस्तारित आवृत्ती. कारण २००३ मध्ये चित्रपटगृहांत आलेल्या तिसऱ्या भागातून क्रिस्टोफर ली यांनी साकारलेल्या दुष्ट जादूगार सारुमानचा शेवट कापला गेला होता, आणि दोन चित्रपट उभा केलेला खलनायक काहीच न सांगता नाहीसा होतो. या तिसऱ्या भागाची विस्तारित आवृत्ती चार तासांहून मोठी आहे, तेव्हा तिच्यासाठी दोन संध्याकाळी राखून ठेवाव्यात.