जमिनीवरचं पॉटीचं भांडं: आठ महिन्यांचा अनुभव

दिवाळी झाल्यावर लेकीचं डायपर सोडवायला घेतलं तेव्हा ती सव्वादोन वर्षांची होती. आता जुलै आहे आणि ती तीनची होत आली. एवढ्या दिवसांत तीन वस्तू वापरून झाल्या: कमोडवर बसवायची शिडीची सीट, जमिनीवर ठेवायचं साधं प्लास्टिकचं पॉटीचं भांडं आणि जाड अस्तराच्या सहा चड्ड्या. घेताना मला यातलं काहीच कळत नव्हतं. कोणी सांगितलं असतं तर लेकीचा दीड महिन्याचा त्रास वाचला असता, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात शिडीच्या सीटने केली. ती चौदाशे रुपयांना ऑनलाइन मागवली होती. आमचा कमोड लांबट आहे आणि सीटचे रबरी टेकू गोलसर कमोडच्या मापाचे. घट्ट बसली असं वाटायचं, पण लेक एका बाजूला कलली की सीटही कलायची. चौथ्या-पाचव्या दिवशी सीट घसरली. लागलं नाही, मी धरलंच होतं, पण लेक घाबरली. त्यानंतर शू करायची, शी मात्र दाबून ठेवायची. पडद्यामागे जाऊन पायांची अढी घालून, अंग ताठ करून उभी राहायची. मला वाटायचं, जोर करतेय. प्रत्यक्षात ती शी अडवत होती. चार दिवसांनी झाली ती खड्यासारखी कडक, थोडं रक्तही दिसलं. मग दुखतं म्हणून अडवायची, अडवली म्हणून आणखी कडक व्हायची.

बालरोगतज्ज्ञांनी पहिली गोष्ट सांगितली: शिकवणं पूर्ण थांबवा, डायपर परत लावा. शी मऊ करणारं औषध दिलं आणि दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणायला सांगितलं. आमच्याकडे जेवली नाही की दुधाची बाटली पुढे व्हायची, त्यामुळे हा बदल अवघड गेला. चार दिवस बरं वाटलं म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नका, हेही त्यांनी बजावलं. दुखल्याची भीती मुलाच्या मनातून जायला वेळ लागतो. आम्ही त्यांच्या सल्ल्याने ते दोन महिने दिलं.

जमिनीवरचं भांडं सासूबाईंनी सुचवलं. लेक चार महिन्यांची असताना त्या तिला दोन्ही पावलांवर बसवून ‘शूऽऽ’ करायच्या. त्यांचं म्हणणं, ‘‘पोरीचे पाय लोंबकळतायत, जोर कुठून येणार तिला?’’ डॉक्टरांनीही हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. पाय टेकलेले आणि गुडघे कमरेपेक्षा वर असले की गुदाशयाला वेढा घालणारा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. शिडीच्या सीटला पायरी होती, पण लेकीची पावलं तिच्यावर पुरती टेकत नव्हती. मी रंग पाहिला, गादी पाहिली, पाय पाहिलेच नाहीत.

भांडं बोहरी आळीतून साडेतीनशेला आणलं. आठवडाभर ते नुसतं खोलीत ठेवलं. ती कपड्यांसकट त्यावर बसायची, बाहुलीला बसवायची. मग नाश्ता आणि रात्रीचं जेवण झालं की पंधरा-वीस मिनिटांनी बसवायला लागलो. पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात, म्हणून ही वेळ. पाच मिनिटं बसायचं, नाही झाली तर उठायचं, त्यावर चकार शब्द काढायचा नाही. अकराव्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, ‘‘आई, शी आली.’’ मी गॅस बंद करून धावले. त्या दिवशी मी रडले.

भांड्यातले दोष सांगते. ते हलकं आहे, ओल्या फरशीवर सरकतं, म्हणून खाली रबरी मॅट हवीच. आतला वाडगा सुटा निघतो ही मोठी सोय, पण त्याच्या कडेखालच्या खाचेत शू झिरपते आणि दोन दिवसांत वास येतो. रोज दोन्ही भाग वेगळे करून धुवायचे. तळाशी पांढरट थर धरतो, तो लिंबूसत्त्वाच्या पाण्याने निघतो. बहिणीकडे गादीवालं आणि गाणं वाजवणारं भांडं आहे. गादीला चीर पडली आणि वास आत मुरला तो गेलाच नाही. गादी नको, गाणंही नको.

चड्ड्या चांगल्या आहेत, पण त्या डायपर नव्हेत. एखादी छोटी शू धरतात, पूर्ण शू मांडीवरून ओघळतेच. ओलं लागतं म्हणून मुलाला कळतं, हाच त्यांचा उपयोग. उन्हाळ्यात अर्ध्या दिवसात वाळायच्या, आता पावसात दोन दिवस लागतात. पावसाळ्यात सुरू करणार असाल तर सहा पुरणार नाहीत, दहा घ्या.

पाळणाघरात दुसरं तसलंच भांडं ठेवलं आणि तिथल्या मावशींनाही ‘शू’ आणि ‘शी’ हेच शब्द वापरायला सांगितलं. पुसताना पुढून मागे, हेही. मुलींच्या बाबतीत ते फार महत्त्वाचं आहे.

रात्री अजून डायपर लावते. रात्रीचा ताबा वेगळा येतो, पाच वर्षांपर्यंत त्याची काळजी नको, असं डॉक्टर म्हणाले. झोपेतून उठवून बसवायचा प्रयोग आम्ही केला नाही.

गेल्या महिन्यात तिनेच ‘‘मोठ्यांच्या संडासात’’ जायचं म्हटलं. आता कमोडवर साधी प्लास्टिकची रिंग लावतो आणि पायाखाली लाकडी स्टूल ठेवतो. त्याच्यावर दोन्ही पावलं सपाट टेकली की ती स्वतःच म्हणते, ‘‘आता सोड हात.’’ रात्री झोपण्याआधीची शू मात्र तिला जुन्या भांड्यातच करायची असते, त्यामुळे ते अजून मोरीत उपडं वाळत असतं.