मॅक्लाउड: ट्रेलची निगा राखायला घ्यावं का, आणि घेताना काय पाहावं

शहरातल्या पार्कमधली माउंटन बाइकची वाट टिकवायला एकच अवजार घ्यायचं असेल, तर मॅक्लाउड घ्या. न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सच्या कनिंगहॅम पार्कसारख्या ठिकाणी देखभालीची बहुतेक कामं त्यावर होतात. मात्र बाजारात मिळणारा प्रत्येक मॅक्लाउड ट्रेलच्या कामाचा नसतो.

हे अवजार मूळचं वणवा विझवणाऱ्यांचं. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नॅशनल फॉरेस्टचे रेंजर मॅल्कम मॅक्लाउड यांनी ते 1905 मध्ये घडवलं. डोक्याच्या एका बाजूला जाड सहा दाते, दुसऱ्या बाजूला नऊ-दहा इंच रुंद धारदार पातं आणि चार फुटांचा लाकडी दांडा. म्हणजे दंताळं, फावडं आणि धुमस, तिन्ही एकाच दांड्याला.

तिसरा, म्हणजे माती चोपायचा, उपयोग आगीच्या कामात फारसा लागत नाही, ट्रेलवर तोच सर्वांत मोलाचा. नेमकी तिथेच साध्या मॉडेलची खोट आहे. त्याचं डोकं दांड्याला बोल्टने जोडलेलं असतं आणि नट तळातून बाहेर डोकावतो. माती चोपताना दर ठोक्याला त्याचा खळगा उमटतो, खळग्यात पाणी साचतं. त्यामुळे वेल्डिंग केलेलं, तळ पूर्ण सपाट असलेलं डोकंच घ्या. दुकानात एक चाचणी जरूर करा: डोकं फरशीवर टेकवून हात सोडा. अवजार सरळ उभं राहिलं पाहिजे. कललं तर चोपताना पात्याची एक कड मातीत रुतणार.

आता त्याचं मुख्य काम. कनिंगहॅम पार्कची जमीन हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेली आहे: वाळू, बारीक गाळमाती आणि गोटे यांची सरमिसळ. चाकांखाली वाट मधोमध दबत जाते आणि उताराकडच्या कडेला मातीचा छोटा बांध तयार होतो. पावसाचं पाणी मग कडेवरून खाली न जाता वाटेवरूनच धावतं, बारीक माती वाहून नेतं, मुळं उघडी पाडतं आणि सखल जागी डबकं करतं. डबकं चुकवायला सायकलवाले बाजूने जातात, की दोन फुटांची वाट सहा फुटांची होते. शहरी पार्कात हे फार महागात पडतं. जागा मुळात थोडी, चालणाऱ्यांची सतत ये-जा आणि रुंदावलेली वाट सगळ्यांत आधी पार्क खात्याच्या डोळ्यांत भरते.

आधी दात्यांनी पानं ओढून माती उघडी करा. मग अवजार फिरवून पात्याने कडेचा बांध कापा. निघालेली माती तपकिरी आणि वाळूमिश्रित असेल तर वाटेच्या खोलगट भागात भरा. काळी, कुजक्या पानांची असेल तर अजिबात भरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि पहिल्याच पावसात चिखल होतो. ती उतारावर दूरवर पातळ पसरा. कडेलाच ढीग ठेवला तर नवा बांध आपणच घातल्यासारखं होईल. वाट बाहेरच्या बाजूला पाच टक्के कललेली हवी, म्हणजे दोन फूट रुंदीत जेमतेम सव्वा इंच. डोळ्यावर विसंबू नका, बाटलीतलं पाणी ओतून पाहा. ते थेट कडेकडे गेलं पाहिजे.

शेवटी दांडा उभा धरून चोपणी, प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यावर अर्धा चढवत. मातीची मूठ वळली आणि हाताला चिखल लागला नाही, की ओल बरोबर. कोरडी माती दबत नाही, भुगा होऊन उडते. म्हणून पावसानंतर एक-दोन दिवसांनी काम काढा.

जिथे पाणी साचतंच, तिथे वाटेच्या बाहेरच्या कडेला सुमारे दहा फूट लांबीचा अर्धगोल उथळ छाटून मध्याशी पंधरा टक्के उतार द्या. नवशिके इथे हमखास अरुंद, खोल चर खणतात. त्यात पुढचं चाक अडकतं आणि ओकची पानं एका वादळात तो बुजवतात. काम नीट झालं असेल तर सायकलवाल्याला ते जाणवणारही नाही. नोव्हेंबरमध्ये पानगळ झाल्यावर पाणी बाहेर पडायच्या या जागा पुन्हा मोकळ्या कराव्या लागतात. हिवाळ्याच्या शेवटी रात्री गोठणारी आणि दुपारी वितळणारी माती मात्र तशीच सोडा. तेव्हा ना खणायचं, ना सायकल घालायची.

मर्यादाही ठळक आहेत. घट्ट रुतलेल्या दगडांपुढे मॅक्लाउड हतबल आहे, तिथे कुदळच हवी. जिवंत मुळं पात्याने तोडू नका. धार जाते आणि झाडाला इजा होते ती वेगळीच. उघड्या मुळांभोवती तपकिरी माती भरून चोपणं बरं. आणि पार्क खात्याच्या परवानगीशिवाय एक फावडंभरही माती हलवायची नाही, स्वयंसेवकांच्या कामाच्या दिवशीच अवजार बाहेर काढायचं.

पात्याला कानस एकाच दिशेने मारा, दांड्याला वॉर्निशऐवजी जवसाचं तेल द्या. नेताना दाते जमिनीकडे ठेवा आणि धारेवर उभा चिरलेला जुना होजपाइप चढवा. गाडीच्या डिकीत हे बेढब डोकं नीट बसत नाही, ही तक्रार रास्त आहे.

पुण्यात वेताळ टेकडीवर सायकल चालवणाऱ्यांनी मात्र हे परदेशातून मागवू नये. तिथे मुरमाचा पातळ थर आणि खाली काळा कातळ, त्यात दाते आणि पातं दोन्ही बोथट होतील. तिथे कुदळ, फावडं, घमेलं आणि चोपायला लोखंडी धुमस, एवढं पुरतं.