लाँगआर्म घ्यावी की घरच्याच मशीनवर भागवावं?

गोधडीचा वरचा थर जोडेपर्यंत सगळी मजा असते. खरी झटापट पुढे, वरचा थर, मधला भराव आणि अस्तर हे तिन्ही थर एकत्र शिवताना. घरच्या मशीनचा गळा, म्हणजे सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंतची मोकळी जागा, साधारण 6 ते 9 इंच. त्यात डबलबेडची गोधडी गुंडाळून कोंबायची, उरलेली खांद्यावर घ्यायची. टेबलाखाली लोंबणारं वजन कापड ओढत राहतं. हात थबकला की टाका बारीक, घाई केली की लांब.

लाँगआर्मचा, म्हणजे गोधडीचे थर शिवायच्या लांब गळ्याच्या मशीनचा, गळा 18 इंचांपासून पुढे, काहींचा 30 पर्यंत. पण माझ्या मते मोठा फरक गळ्याचा नाहीच. घरच्या मशीनवर आपण कापड फिरवतो. लाँगआर्मवर कापड फ्रेमवर ताणलेलं राहतं आणि मशीनच चाकांवर फिरतं. अस्तर आणि वरचा थर रोलरवर चढतात, त्यामुळे जमिनीवर गुडघे टेकून कच्चे टाके घालणं वाचतं. माझे गुडघे एवढ्या एका गोष्टीसाठी हो म्हणाले असते! बदल्यात अस्तर चारही बाजूंनी सुमारे 4 इंच जास्त ठेवावं लागतं.

चाकांजवळचे सेन्सर वेग ओळखून टाक्याची लांबी सारखी ठेवतात, त्याला स्टिच रेग्युलेटर म्हणतात. फ्रेमवरची मशीन त्याच्याशिवाय मिळत असेल, तर नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. आणि रेग्युलेटर असला म्हणजे झालं, असंही नाही. पहिल्यांदा एका मैत्रिणीच्या लाँगआर्मवर तासभर शिवलं, वरून टाके मोत्यासारखे. गोधडी उतरवून उलटवली, तर प्रत्येक वळणावर खालच्या बाजूला दोऱ्याचे पापण्यांसारखे फास. वरच्या दोऱ्याचा ताण ढिला, त्यात वळणावर माझा हात सुसाट. शिवायला एक तास, उसवायला सबंध दुपार. तेव्हापासून कडेच्या फालतू कापडावर चार वळणं मारून, खालून हात फिरवून बघितल्याशिवाय मी सुरुवात करत नाही.

एक गोष्ट विकणारे आपणहून सांगत नाहीत: लाँगआर्मवर तुकडे जोडता येत नाहीत. खालून कापड पुढे सरकवणारे दातच नसतात. म्हणजे जुनी मशीन ठेवावीच लागते.

मधला पर्याय बैठ्या लाँगआर्मचा. गळा मोठा, पण मशीन टेबलात बसवलेली आणि कापड आपणच फिरवायचं. हाताची सवय तीच राहते, जागा एका टेबलापुरती. कच्चे टाके मात्र सुटत नाहीत. आणि वर्षाला दोन-तीनच गोधड्या होत असतील, तर शिवणकाम बाहेर देणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. घरच्या मशीनवर पाळण्यातली दुपटी आरामात होतात, तेवढ्यासाठी काहीच घेऊ नका.

मोठ्यात मोठ्या गोधडीला 10 ते 12 फुटांची फ्रेम लागते. शिवाय पुढे उभं राहायला जागा हवी, आणि कागदावरच्या नक्षीवर लेझरचा ठिपका फिरवत ती शिवायची असेल तर मागेही. मी खोलीत जमिनीवर चिकटपट्टीने तेवढा चौकोन आखून आठवडाभर तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं, तर दार चौकोनात चांगलं दीड फूट आत आलेलं. कपाट हलवायला दुसरी भिंत नव्हती. मी बैठी घेतली.